पाणी वरून येतं

(सेलिंग क्लबात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय ‘जुन्या फायबरच्या होडीतली कूज कशी काढावी’ असा जाहीर झालाय. काढण्याकडे मी येणारच आहे. पण आधी ती येते कुठून, यावर बोलू द्या. हे मी भेटेल त्याला सांगत आलोय, आणि आज एवढी ऐकणारी माणसं एका खोलीत मिळाली आहेत.

माझं म्हणणं असं की आपल्या होड्या खालच्या पाण्याने कुजत नाहीत, वरच्या पाण्याने कुजतात. समुद्र नव्हे, पाऊस. मे महिन्याच्या शेवटी होडी वर घेतली की आपण सगळे वाकून बूड बघतो. शेवाळ, कालवं, रंग, कीलचा (बुडाखालच्या वजनदार पंखाचा) सांधा, सगळं तपासतो. डेकवर मात्र नुसती नळी मारतो आणि ताडपत्री टाकून घरी जातो.

फायबर कुजत नाही, हे खरंच आहे. काच आणि रेझिन हे बुरशीचं खाणं नाही. पण डेक नुसत्या फायबरचं नसतं. वर तीन-चार मिलिमीटरचा थर, खाली त्याहून पातळ थर आणि मधे बाल्सा. इक्वेडोरकडून येणारं हे लाकूड इतकं हलकं की घनमीटरला साधारण १५० किलो भरतं. दोन थरांना एकमेकांपासून दूर आणि घट्ट धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. त्या अंतरामुळेच डेक ताठ राहतं. १९७७ साली आलेल्या जे-२४ या शर्यतीच्या होडीत तर हा बाल्सा डेकमध्येच काय, हलमध्ये, म्हणजे होडीच्या खालच्या कवचातही आहे. 

आता बुरशीचं बघा. तिला हवा लागते, ऊब लागते आणि ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर तिचं काही चालत नाही. ३० च्या आसपास गेली की तिला रान मोकळं. आणि मीठ तिला सोसत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लाकडी जहाजं बांधताना फासळ्यांमधल्या पोकळीत खडेमीठ भरत असत. लाकडी डेक समुद्राच्या पाण्याने धुवायची चाल होती, त्यामागेही फळ्या फुगून सांधे बंद राहावेत आणि लाकूड टिकावं, हेच शहाणपण होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मुंबईत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला प्रत्येक थेंब गोडा. वर ऊब भरपूर, आणि ताडपत्रीखाली वारा नाही. बुरशीला याहून चांगलं घर कोण बांधून देणार?

कोणी म्हणेल, मग होडीत लाकूड घालताच कशाला? लाकडाचा दोष नाही हो. गोव्यात बांधलेली आपल्या नौदलाची शिडाची होडी ‘म्हादेई’ घ्या. लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी फायबर. तीच होडी घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. गाभा सीलबंद असेल तर लाकूड दक्षिण महासागरही पार करतं. प्रश्न आपण पाडलेल्या भोकांचा आहे.

भोकं मोजा एकदा. स्टँशनचे (कडेच्या कठड्याच्या खांबांचे) पाय, दोर बांधायचे क्लीट, दोर ओढायचे विंच, जिबचे (पुढच्या शिडाचे) ट्रॅक, हँडरेल, हॅचच्या (डेकवरच्या झडपांच्या) बिजागऱ्या, डोलकाठीचे ताण धरणाऱ्या चेनप्लेटच्या फटी. मध्यम होडीच्या डेकवर शंभर भोकं सहज भरतात, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला बाल्सा उघडा आहे. मधे फक्त फट बुजवणाऱ्या सीलंटची एक पातळ रेघ. आपल्याकडे होड्या मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून ठेवलेल्या असतात, माणसं डिंगीतून (छोट्या होडक्यातून) वर चढतात. चढताना हात कुठे जातो? स्टँशनवर. दोन फुटांची ती नळी म्हणजे चांगली लांब तरफ झाली. तिचा पाय किंचित उचलला जातो, सीलंट फाटतं, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. नवीन पाहुणा होडीवर आला की मी आधी त्याला हात कुठे धरायचा ते सांगतो, नमस्कार नंतर.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी जुनी अठ्ठावीस फुटी होडी घेतली. आधीच्या मालकाने एका यार्डात ‘संपूर्ण डेक दुरुस्ती’ करून घेतलेली, बिलासकट. डेकवर कोरा रंग, पाय घसरू नये म्हणून वाळूचा खरखरीत थर, आरशासारखी नीटनेटकी कामं. मी स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घेऊन टकटक करत निघालो. डोलकाठीपाशी आवाज खणखणीत. डावीकडच्या तिसऱ्या स्टँशनपाशी आलो आणि आवाज बसला, नुसतं धप धप. खडूने हद्द आखत गेलो, तर ती गोल निघेना. सरळ रेघा, मधेच काटकोन, पुन्हा सरळ, थेट नाळेपर्यंत. कारण बाल्सा अखंड फळीत येत नाही. छोटे चौकोनी ठोकळे एका जाळीवर चिकटवलेले असतात, म्हणजे डेकच्या बाकाला तो वळतो. ठोकळ्यांमधल्या फटी बांधताना रेझिनने भरल्या नसतील तर त्या पाटासारख्या वाहतात. पाणी तिथून पसरतं आणि मग एकेक ठोकळा पिऊ लागतो.

स्टँशनचा बोल्ट काढला. भोकातून काळ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं, वास आंबूस. वरचा थर कापला तेव्हा यार्डाचं काम उघडं पडलं. डेकला बारीक भोकं पाडून त्यांनी वरून पातळ इपॉक्सी (कडक होणारं एक रेझिन) ओतलं होतं. प्रत्येक भोकात रेझिनचा एकेक खुंट उभा, आणि चहूबाजूंनी बाल्सा ओलाच्या ओला, बोटाने निघणारा. भिजलेलं लाकूड इपॉक्सी पिणार कसं? त्याच्या पेशी आधीच पाण्याने भरल्यात. ही इंजेक्शनची पद्धत आजही सर्रास विकली जाते, आणि माणसं पैसे देतात, कारण कापाकापी नाही, चार दिवसांत होडी परत मिळते.

त्याहून मला राग आला तो स्टँशनच्या पायाभोवतीच्या सिलिकॉनचा. थरावर थर. दर वर्षी गळायचं, दर वर्षी कोणीतरी वरून बंदूक मारायचं. बोल्ट एकदाही काढला नव्हता. बाथरूमचं सिलिकॉन डेकवर आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. वरून लावलेली कड पाणी थांबवत नाही, आत गेलेलं पाणी तेवढं कोंडते. आणि एकदा ते लागलं की त्या जागी नंतर रंग, रेझिन, दुसरं सीलंट, काही म्हणता काही चिकटत नाही. जागा घासून घासून थर उतरवावा लागतो. डेकसाठी ब्युटिल टेप घ्या किंवा पॉलिसल्फाइड.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे. तर दुरुस्ती. भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी पाणी जिथून आलं ते फिटिंग काढा. ते न करता पुढचं काही करू नका. मग टकटक करून हद्द आखा, आणि हद्दीबाहेर बारीक ड्रिल मारून भुसा कोरडा येतो का बघा. ओलावा मोजणारं यंत्र असेल तर उत्तम, पण ड्रिलचा भुसा खोटं बोलत नाही. वरचा थर कापताना पात्याची खोली थराएवढीच ठेवा, खालचा थर कापला गेला तर काम दुप्पट. कोपऱ्यांपासून आणि वळणांपासून दोन इंच आत राहा, म्हणजे परत जोडायला सपाट कड मिळते. निघालेला तुकडा जपून ठेवा, तोच परत बसतो.

कुजलेलं सगळं खरवडा, कोरडा भुसा येईपर्यंत. मग वाळू द्या. घाई इथेच नडते. नवीन गाभा बाल्साचा किंवा पीव्हीसी फोमचा, जाडी तीच. फोम कुजत नाही, पण भोकातून पाणी शिरलं तर तोही थरापासून सुटतो, तेव्हा फोम घातला म्हणून बेफिकीर राहू नका. खालच्या थरावर घट्ट केलेलं इपॉक्सी दातेरी पट्टीने पसरा, गाभ्याच्या फटी भरा, वर वजन ठेवा. आपल्या उन्हात मोठं भांडं कालवलं तर ते हातातच धुरायला लागतं, म्हणून थोडं थोडं, पसरट ट्रेमध्ये.

वरचा थर परत बसवल्यावर सांध्याला उतार द्या, एकास बारा. थर तीन मिलिमीटरचा असेल तर दोन्ही बाजूंना ३६ मिलिमीटर. त्यावर विणलेलं किंवा शिवलेलं काचेचं कापड, लहानापासून मोठं. बाजारात स्वस्त मिळणारी चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती थिनरने नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच सँडपेपर.

शेवटी भोकं. बोल्टचं भोक मोठं पाडा, कडेचा बाल्सा आत कोरून काढा, घट्ट इपॉक्सीने भरा, आणि त्या भरावात नवीन भोक पाडा. आता बोल्ट गळला तरी पाणी थेट केबिनमध्ये टपकेल, गाभ्यात नाही, आणि टपकलं की तुम्हाला कळेल. खाली मोठी बॅकिंग प्लेट द्या. हे कूज नसलेल्या डेकलाही करून घ्या, एका वेळी चार-सहा फिटिंग.

आणि हे काम मे महिन्यात काढू नका. गाभा उघडा असताना वळवाची एक सर आली की वाळवणं पहिल्यापासून. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हाच होडी वर घ्या. ऐन मोसम असतो, रेस असतात, मला माहीत आहे. सेक्रेटरी इथेच बसलेत, शेडमधली जागा आजच त्यांच्याकडे लिहून ठेवा.