तिघांची वही

[दृश्य: धोपावे जेटी. फेरीबोटीचा फाळका खाली येतो. दुचाक्या, एक टेम्पो, पायी माणसं.]

वाशिष्ठीच्या मुखावर अलीकडे धोपावे, गुहागर तालुका. पलीकडे दाभोळ, तालुका दापोली. बोट मिळाली तर हे अंतर काही मिनिटांचं. शेवटची फेरी चुकली, की चिपळूण-खेडवरून सगळा वळसा.

निळ्या शर्टातले गृहस्थ दापोलीचे. गुहागरजवळच्या वाडीत त्यांची जोडीदार राहते, पर्यटकांना खोल्या देते. तिचा दुसरा जोडीदार मुंबईला नोकरीत आहे, तो रेल्वेने चिपळूणला उतरतो. दोन्ही नाती कित्येक वर्षांची आहेत आणि तिघांनाही सगळं ठाऊक आहे. सगळ्यांच्या संमतीने एकाहून जास्त जोडीदार असण्याला पॉलिअ‍ॅमरी म्हणतात. लग्न कुणाचंच कुणाशी झालेलं नाही. चेहरे दिसणार नाहीत, हे कॅमेरा सुरू होण्याआधीच ठरलं होतं.

[दृश्य: मुरूडचा किनारा, सुरूची झाडं]

याच दापोली तालुक्यातलं हे मुरूड, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. कामसुखावर बाईचाही हक्क आहे, हे ते छापून सांगत होते. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून 1931 साली त्यांच्यावर खटला झाला, शंभर रुपये दंड बसला. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

एकाच्या दोन बायका कोकणाने पुष्कळ पाहिल्या. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी त्यावर 1946 मध्ये कायद्याने बंदी आली. त्या घरांत पहिलीला कुणी विचारत नसे. पॉलिअ‍ॅमरीत सुरुवातच विचारण्यापासून होते, आणि विचारल्यावर 'नाही' हे उत्तर आलं तर ते ऐकावं लागतं.

[दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर दोनशे पानी वही, शेजारी सोललेल्या नारळाची कवड.]

ही त्यांची ठरावांची वही. तारीख टाकून लिहिलेलं, तिघांच्या सह्या. जवळून पाहू.

पहिल्या पानावर: 'नवीन कुणी आवडलं तर प्रकरण पुढे जाण्याआधी सांगायचं. त्याच रात्री फोन करून नाही.' असं लिहायची वेळ येते, कारण 'आधी सांगायचं' या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. कुणाला आठवडाभर आधी वाटतं, कुणाला दारात चप्पल काढताना.

खाली एक ओळ खोडलेली दिसते: 'तू त्याच्याबरोबर तारकर्लीला जायचं नाही.' हा नियम दुसऱ्याच्या पायात बांधलेला होता, म्हणून टिकला नाही. त्याच्या जागी आता लिहिलंय: 'तारकर्लीचं ठरलं की मला आठ दिवस आधी कळव, मी त्या दिवसांत माझ्या भावाकडे जाईन.' आपण काय करू हे लिहिलेलं पाळलं जातं. समोरच्याने काय करू नये याची यादी वाढत गेली, की लपवाछपवी सुरू झालीच म्हणून समजावं.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, मग मोबाईलवरचं. तीन रंगांचे चौकोन.]

सगळ्यात जास्त कष्ट इथे आहेत. मोबाईलवर सामायिक कॅलेंडर, प्रत्येकाचा एक रंग. नोंद दोन प्रकारची: तपशिलासह, किंवा नुसतंच 'व्यस्त'. कोण कुठे आहे हे कळावं, पण काय चाललंय हे सगळं कळायची गरज नसते.

भरण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी ज्या तारखा हलत नाहीत त्या: गौरी-गणपती, शिमगा, दिवाळी ते मे मधले गर्दीचे आठवडे, जेव्हा खोल्या भरलेल्या असतात आणि बाईंना श्वास घ्यायला फुरसत नसते. मग रेल्वे. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे मुंबईच्या माणसाची फेरी दोन महिने आधी ठरवावी लागते. गणपतीच्या गाड्या तर उघडल्या उघडल्या भरतात. त्यानंतर प्रत्येकाचा एकट्याचा एक दिवस, ज्यात कुणीच नाही. उरलं ते वाटून घ्यायचं.

समान वाटप करायला जाऊ नये. रात्री मोजून निम्म्या केल्या, की एकाच्या वाट्याला तापाची रात्र येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला चांदणं, मग हिशेब कसा लावणार?

यातली नेहमीची चूक सांगायलाच हवी. लांबचा माणूस सुट्टी घेऊन येतो. त्याच्यासाठी सुरमई येते, समुद्रावर जाणं होतं. जवळच्याच्या वाट्याला लाइटबिल, पंपाची मोटर आणि दमलेली संध्याकाळ. वर्षभराने तो चिडतो आणि सगळ्यांना वाटतं तो जळतोय. उपाय साधा आहे: महिन्यातून दोनदा जवळच्या जोडीदाराची संध्याकाळ आधी भरायची, त्या वेळेत घरकाम बंद. नातं नवीन असेल तर हे दुप्पट कसोशीने पाळावं, कारण नव्याची नवलाई असते तोवर जुन्याकडे दुर्लक्ष होतंय हे ज्याचं होतं त्यालाच दिसतं.

[दृश्य: पडवी. झोपाळा. दोघे पुरुष नारळ सोलतायत.]

हे दोघे एकमेकांचे मित्र आहेत, पण असायलाच हवेत असं नाही. पुष्कळांकडे दोन जोडीदार वर्षानुवर्षं भेटत नाहीत, नुसता नंबर असतो, अडीअडचणीला. तेही चालतं. चालत नाही ते मधल्या माणसाचा निरोप्या होणं. 'तो म्हणत होता की तू...' हे वाक्य या घरात बंद आहे. ज्याची तक्रार असेल त्याने थेट बोलायचं.

मत्सर होतोच. तेव्हा आधी विचारायचं की नेमकं काय कमी पडलं? झोप, वेळ, पैसा, की दिलेला शब्द? त्यातलं जे निघेल त्यावर इलाज करता येतो. ती दुसऱ्याकडे असेल त्या रात्री 'पोचले' एवढा एक मेसेज. पाठोपाठ फोन नाही.

[दृश्य: चिपळूण, कामथे. उपजिल्हा रुग्णालयाचा बोर्ड.]

तपासणी दर तीन महिन्यांनी. सरकारी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. तीन महिनेच का? संसर्ग झाल्यावर तो तपासणीत दिसायला वेळ लागतो; कालच्या संबंधाचा आजचा निगेटिव्ह रिपोर्ट काही सांगत नाही. सोबत सिफिलिससाठी व्हीडीआरएल ही रक्ततपासणी. हिपॅटायटिस बी ची लस तिघांनीही घेतलेली: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. रिपोर्ट तोंडी सांगायचा नाही, कागद दाखवायचा. निरोध फाटला तर ते त्याच दिवशी बाकीच्यांना कळतं. एचआयव्हीचा धोका वाटला तर पीईपी ही संसर्ग रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. लाज वाटते म्हणून सोमवारची वाट पाहिली, की वेळ निघून गेली.

[दृश्य: टेबलावर फायली, बँकेचा अर्ज]

कायद्याचं थोडक्यात. पहिलं लग्न असताना दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. व्यभिचार 2018 पासून गुन्हा नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. गावकीने वाळीत टाकलं तर त्याविरुद्ध राज्याचा 2016 चा कायदा आहे. घरच्यांनी बोलणं सोडलं तर त्यावर कायदा नाही. या घरात दोन्ही होऊन गेलंय.

कागद मात्र हवेतच, कारण लग्न नसलेल्या जोडीदाराला वारसा आपोआप मिळत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी लिहून. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात येतात, हक्क वारसाचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याचा. म्हणून मृत्युपत्र. ते साध्या कागदावरही चालतं, नोंदणी सक्तीची नाही. केलेली बरी, भावकी भांडायला उभी राहील तेव्हा कामाला येते. सही दोन साक्षीदारांसमोर, साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान आणि गावातच राहणारे, आणि ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांच्यापैकी कुणीही नको.