केसपेपरची खिडकी

(दृश्य : सरकारी रुग्णालय, सकाळची नोंदणीची रांग)

केसपेपरच्या खिडकीवर आधी नाव विचारतात. आधार कार्डावर एक नाव, अंगावर पंजाबी ड्रेस, मागे रांग. एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या मुलीला घरचे अजून मुलगाच म्हणतात, ती इथे ताप दाखवायला आलेली नाही. तिला जखम दाखवायची आहे, आणि ती जागा अशी की तिचा उल्लेख करताना शिकलेली माणसंही अडखळतात. जुनं नाव मोठ्याने पुकारलं जातं. कुणीतरी हसतं. अशी मुलगी पुष्कळदा न तपासताच परत जाते.

देशात 15 ते 49 वयोगटात एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 2021 च्या पाहणीत हिजडा आणि पारलिंगी (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) समाजात ते 3.78 टक्के आढळलं. एवढा फरक ऐकला की लोक लगेच त्या समाजाकडेच बोट दाखवतात. पारलिंगी असल्यामुळे कुणाला एचआयव्ही होत नाही. आपण त्यांना ज्या परिस्थितीत ढकलतो, तिथे तो गाठतो.

(दृश्य : लोकल गाडी, ठाण्याच्या पुढची स्थानकं)

शाळेत चिडवणं, घरात मार, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी घर सुटतं. मुंबई-पुण्यात एखाद्या गुरूकडे आसरा मिळतो. माया मिळते, समाजात चेला म्हणून स्थान मिळतं, आणि कमाई आणायची जबाबदारीही अंगावर येते. मंगती म्हणजे पैसे मागणं, बधाई म्हणजे लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेणं, आणि काही जणींच्या वाट्याला धंदा, म्हणजे देहविक्रय. अठराच्या आतलीवर हे ओढवतं तेव्हा त्याला धंदा म्हणू नये. तो लैंगिक अत्याचार आहे, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. मोठ्या झालेल्यांचंही सोपं नसतं. कंडोम नको म्हणणारं गिऱ्हाईक जास्त पैसे देऊ करतं, आणि खोलीचं भाडं थकलेलं असतं. गिऱ्हाइकाशी कंडोमसाठी भांडणारी मुलगी प्रियकराजवळ मात्र तो बाजूला ठेवते, कारण तिला विश्वास दाखवायचा असतो. इतक्या वर्षांच्या एड्स जनजागृतीत या नाजूक गोष्टीवर आपण फारच कमी बोललो.

आता शरीराबद्दल, स्पष्टपणे. गुदद्वाराच्या आतलं अस्तर अगदी पातळ असतं आणि तिथे योनीसारखा नैसर्गिक ओलावा नसतो. बारीक चिरा पडतात, दिसत नाहीत, विषाणूला तेवढी वाट पुरते. म्हणून कंडोमबरोबर पाण्यावर आधारित जेल लागतंच. ते हाताशी नसलं की खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं जातं, आणि तेलामुळे लेटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो. जिथे नुसते कंडोम वाटले जातात, तिथे काम अर्धवटच राहिलेलं असतं.

दुसरा घोळ शरीर आपल्या ओळखीसारखं करण्यासाठी घ्यायच्या हार्मोन्सचा. डॉक्टर नीट बोलत नाहीत, मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या सुरू होतात, कुणी एकच सुई दोघींत वापरतात. त्यात एचआयव्ही निघाला, तर एआरटीने, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधाने, शरीरातला बदल थांबेल या भीतीने औषध सोडलं जातं. सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळणारी डोल्युटेग्रॅविरची गोळी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या आड येत नाही. हे एक वाक्य सांगायला कुणी नव्हतं म्हणून औषध सुटावं, याचा मला राग येतो.

पारलिंगी मुलग्यांचा, म्हणजे ज्यांना जन्मावेळी मुलगी मानलं गेलं त्यांचा, तर विचारच होत नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे योनी कोरडी पडते, इजा लवकर होते; पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो.

(दृश्य : कल्याण, गजबजलेला रस्ता)

वेगळं करता येतं, हे आपल्या राज्यातही दिसलं होतं. जानेवारी 2021 मध्ये हैदराबादला पारलिंगी व्यक्तींसाठी मित्र क्लिनिक उघडलं. पुढे कल्याणला आणि पुण्याला. हार्मोन्सचा सल्ला, मानसिक आरोग्य, गुप्तरोग आणि एचआयव्ही, सगळं एकाच ठिकाणी, आणि समोर बसलेली माणसं बरीचशी समाजातलीच. हार्मोन्ससाठी आलेली मुलगी जाताना रक्ततपासणीही करून जाऊ शकत होती. पैसा अमेरिकी सरकारचा होता. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत रोखली आणि तिन्ही दवाखाने बंद पडले. हैदराबादचा टाटा ट्रस्टच्या मदतीने सबरंग या नावाने पुन्हा सुरू झाला.

मुंबईत जीटी रुग्णालयात 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी 30 खाटांचा कक्ष झाला, ते चांगलंच झालं. पण दाखल होण्याइतका आजार बळावायच्या आधी, केसपेपरच्या खिडकीपासून सोबत करणारं आपलं माणूस हवं. हमसफर ट्रस्ट ही संस्था 1994 पासून आणि सखी चारचौघी ही संस्था 2000 पासून मुंबईत या समाजासोबत काम करत आहेत. अशी माणसं कुठे शोधायची, हे सरकारला विचारत बसायला नको. त्यांना जिल्हा रुग्णालयांत कायम पगारावर नेमावं. अठराच्या आतल्या मुलांच्या चाचणीला पालकांची संमती लागते. ज्यांना पालकांनीच हाकललं, त्यांनी ती कुठून आणायची? यावर वाट काढणंही सरकारच्याच हातात आहे.

(पडद्यावर मजकूर, निवेदन सुरू)

कंडोम फाटला किंवा अत्याचार झाला, तर 72 तासांच्या आत रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषध 28 दिवस घ्यावं लागतं आणि जितकं लवकर सुरू कराल तितकं चांगलं. जोखीम वारंवार येत असेल तर आधीपासून घ्यायची प्रेप गोळी असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. एचआयव्ही असेल आणि रोजच्या औषधाने विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. चाचणीआधी तुमची संमती घेणं आणि निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. माहितीसाठी मोफत क्रमांक 1097.