घरच्या आर्केड मशीनच्या फॅनचा आवाज कसा कमी करायचा

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतोय. आज सरळ कामाचं बोलू. आधी हे ऐका.

(मशीन चालू, व्हॉल्यूम शून्यावर, थोडा वेळ गप्प)

ऐकलंत ना? ही जी घूंऽऽ चाललीय आणि तिच्यावर एक बारीक शिट्टी वाजतेय, ह्यातलं काहीच गेममधून येत नाहीये, व्हॉल्यूम पूर्ण बंद आहे, हा सगळा फॅनचा आवाज आहे. ही नाणं टाकून खेळायची जुनी उभी गेम मशीन, गेम पार्लरमध्ये अशा दहा एकत्र चालायच्या, बाहेर रस्ता, आत पोरांचा कल्ला, तिथे फॅनकडे कोणाचं लक्षच नसायचं. पण तीच मशीन फ्लॅटच्या हॉलमध्ये आणून रात्री साडेदहाला चालू केली की घरातले म्हणतात आता ते बंद कर, आणि हळूहळू मशीन नुसती शोभेची होऊन बसते. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण जुन्या गेममध्ये ते चिपवर वाजणारं म्युझिक म्हणजे अर्धी मजा आहे आणि फॅन नेमका त्याच्यावरच बसतो.

बहुतेक जण काय करतात, आवाज आला की महागडा सायलेंट फॅन ऑर्डर करतात, जुन्याच्या जागी बसवतात, आठवडाभर बरं वाटतं, मग आतली गरमी वाढते आणि तो नवा फॅन पण फुल स्पीडला पळायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी हवेला रस्ता करून द्या आणि मग फॅन हळू करा. हवा नीट खेळत असेल तर साधा फॅन सुद्धा इतका हळू चालवता येतो की दोन फुटांवरून ऐकू येत नाही.

पण त्याच्याही आधी आवाज नक्की कुठून येतोय ते शोधा. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर न्या. नॉब फिरवल्यावर घूं कमीजास्त होत असेल तर ती हवेची नाही, स्पीकरमधून येतेय. असं होतं कारण बऱ्याच कॅबिनेटमध्ये, म्हणजे मशीनच्या लाकडी पेटीत, फॅन आणि अँप्लिफायर एकाच १२ व्होल्टच्या वायरवर टांगलेले असतात आणि फॅनच्या मोटरची कुरकुर त्या वायरीतून थेट अँपमध्ये जाते. तिथे फॅन कितीही भारी आणा, फरक पडणार नाही, फॅनची प्लस-मायनस जोडी वेगळी काढून थेट एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या, स्क्रूपर्यंत न्या, आणि तरी राहिलीच तर फॅनच्या टोकांना १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, २५ व्होल्टचा घ्या आणि प्लस-मायनस उलटं करू नका.

नॉबने काही फरक पडत नसेल तर मशीनच्या बाजूच्या पॅनलवर तळहात दाबून धरा. असा. आवाज एकदम बसला? मग फॅनपेक्षा प्लाय जास्त वाजतोय. आपण नाशिकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, ढोलाचं पान ताणलेलं असलं की हलकी टिपरी पण गल्लीभर ऐकू जाते, तसंच १२ एमएमच्या प्लायचं मोठं मोकळं पॅनल फॅनचे हादरे घेतं आणि स्वतः वाजतं. ह्याला खर्च जवळपास शून्य आहे. स्क्रू थेट लाकडात आवळायचे नाहीत, फॅन आणि पॅनलच्या मध्ये रबर पाहिजे, सिलिकॉनच्या पिना मिळतात त्या लावा नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूच्या दोन्ही बाजूंना टाका, आणि स्क्रू रबर चपटं होईल इतका पिळू नका, पिळला की रबर असून नसल्यासारखं. मोकळ्या पॅनलला आतून एक आडवी पट्टी फेव्हिकॉलने चिकटवली की तेही शांत होतं.

एक गोष्ट आत्ताच सांगतो आणि ही मनावर घ्या. मागचं दार उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं स्विच बंद करून चालणार नाही. आर्केडच्या एसएमपीएसवर २३० व्होल्टचे स्क्रू बऱ्याचदा उघडेच असतात. आणि जुनी पिक्चर ट्यूबवाली मशीन असेल तर ट्यूबच्या अंगावरची ती जाड रबरी टोपी आणि तिची वायर, तिकडे हात न्यायचाच नाही, प्लग काढल्यावरही तिथे चार्ज राहतो. ट्यूबचं काम ज्याला येतं त्यालाच करू द्या.

आता फॅनकडे येऊ. हा बघा, जवळून दाखवतो. ४० एमएमचा, आगपेटीच्या लांबीपेक्षा थोडाच कमी. रास्पबेरी पाय म्हणजे तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याच्या केसवर, छोट्या गेम बोर्डांवर, एसएमपीएसमध्ये असले फॅन असतात. एवढ्याशा पात्यांनी हवा ढकलायची म्हणजे ह्याला मिनिटाला ५-६ हजार फेरे घ्यावे लागतात. ह्याची पाती मोजा, सात आहेत. ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, गुणिले सात पाती, झाले ७०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७०० कंपनं, आणि हाच सूर शिट्टीसारखा कानात घुसतो. आता हा मोठा, १२० एमएमचा, ह्यालाही सातच पाती आहेत पण ह्याला ९०० फेऱ्यांवर चालवला तर सूर येतो १०५ हर्ट्झला, म्हणजे खालचा, आणि खालच्या सुरांना आपला कान तसाही मंद असतो. म्हणून जिथे जागा आहे तिथे लहान फॅन काढून मोठा लावा.

आणि स्पीड कमी करण्याचा फायदा किती आहे बघा. फॅनचे फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, बरोबर, पण आवाज साधारण १५ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) पडतो. १० डेसिबल पडले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, तर १५ म्हणजे खूपच झाले. दोन सारखे फॅन एकत्र चालवले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन फॅन निम्म्या स्पीडने चालवले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबल कमी.

मग प्रश्न येतो की हवा लागते तरी किती? हिशोब सोपा आहे. आतल्या सगळ्या वस्तूंचे वॅट मिळवा. समजा मिनी पीसी २५ वॅट, एलसीडी मॉनिटर २५, अँप आणि दिवे धरून १०, झाले ६० वॅट. आतलं तापमान खोलीपेक्षा १० डिग्रीच वर चाललं पाहिजे असं ठरवलं तर वॅटला १० ने भागा आणि १.७६ ने गुणा, येतं साधारण साडेदहा सीएफएम, म्हणजे मिनिटाला साडेदहा घनफूट हवा. बस एवढीच. १२० चा साधा केस फॅन १२०० फेऱ्यांवर मोकळ्या हवेत ५० च्या आसपास देतो, तो निम्म्यावर आणला आणि जाळीबिळीत आणखी थोडं गेलं तरी काम भागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा आत ५० होईल, तुमच्या बोर्ड आणि पीसीला ते चालतं का बघून घ्या. पण ७० वॅटचा मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डवाला पीसी असेल तर हिशोब परत करा, माझे आकडे तसेच उचलू नका.

हे सगळं कधी चालतं, तर फॅनने ढकललेली हवा खरंच बाहेर जात असेल तर. इथेच बहुतेक कॅबिनेट मार खातात. मागे वरती फॅन असतो आणि खाली हवा आत यायला काही नसतं, फार तर दाराची फट. फॅन बिचारा तोंड दाबल्यासारखा ओढत राहतो. ह्याची टेस्ट आत्ता करून दाखवतो, उदबत्ती घ्या. मशीन अर्धा तास चालू ठेवा, गेम लावून, म्हणजे आतलं गरम होईल, आणि पेटती उदबत्ती खालच्या झरोक्याजवळ धरा. बाहेरच धरायची, आत घालायची नाही. बघा, धूर सरळ आत ओढला जातोय, म्हणजे रस्ता मोकळा आहे. आता वर फॅनजवळ... इथे धूर लांब फेकला जातोय, छान. तुमच्याकडे खाली धूर सरळ वर चढत राहिला, आत वळलाच नाही, तर समजायचं हवा दुसरीकडूनच येतेय. आणि एक गंमत बऱ्याच मशीनमध्ये सापडते, फॅनच्या शेजारीच पॅनलमध्ये भोकं पाडलेली असतात, फॅन हवा बाहेर टाकतो आणि तीच हवा शेजारच्या भोकातून परत आत येते, धूर तिथे गोल फिरताना दिसतो. ती भोकं टेप लावून बंद करा, दुसरं काही न करता आतलं तापमान उतरतं.

झरोका खाली पुढच्या बाजूला किंवा तळाला, फॅन मागे सगळ्यात वर, कारण गरम हवा तशीही वरच जाते, तिच्या वाटेतच फॅन ठेवा. खालचा झरोका फॅनच्या भोकापेक्षा मोठा पाहिजे, दीडपट-दुप्पट. आणि फॅनच्या तोंडावर ती पत्र्यात पंच केलेली बारीक भोकांची जाळी असेल तर कापून टाका, पाती पत्र्याच्या अगदी जवळून फिरतात म्हणून हवा फाटते आणि सूंऽ आवाज येतो. त्याजागी गोल तारेची जाळी लावा, पोरांची बोटं पण सुरक्षित. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे १० सेंटीमीटर तरी सोडा. वन बीएचकेत जागेची मारामारी असते मान्य आहे, पण मग फॅन मशीनच्या छतावर घ्या, मागे नको.

आता स्पीड. चार पिनचा फॅन असेल आणि मदरबोर्डला जोडलेला असेल तर बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, फॅन कर्व्ह असतो, म्हणजे किती गरमीला किती स्पीड ते, तिथे सायलेंट करा, आणि एक बघा, फॅन सतत वरखाली होत असेल तर तो एका लयीत चालणाऱ्या फॅनपेक्षा जास्त त्रास देतो, म्हणून कर्व्ह सपाट ठेवा. दोन-तीन पिनचा फॅन थेट १२ व्होल्टवर असेल तर मध्ये छोटा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा बोर्ड, लावा, स्वस्तात मिळतो, मल्टीमीटर लावून ७ व्होल्टला सेट करा. सेट केल्यावर मशीन बंद करून परत चालू करा आणि फॅन स्वतःहून सुरू होतो का बघा, दर वेळी झाला पाहिजे. काही फॅन फिरत असताना ५ व्होल्टवर फिरत राहतात पण थांबलेले सुरू होत नाहीत, आणि तसं झालं तर मशीन आतल्या आत भाजेल.

जुन्या कॅबिनेटमध्ये लोखंडी बॉडीचा २३० व्होल्टचा जाड फॅन असतो, तो सगळ्यात मोठा आवाजी. त्याला छताच्या फॅनचा रेग्युलेटर लावायचा नाद सोडा, मोटर गुणगुणायला लागते आणि अडकली तर तापते. सरळ काढा आणि एसएमपीएसच्या १२ व्होल्टवर चालणारा १२० चा कॉम्प्युटरचा फॅन लावा, एम जी रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात सहज मिळेल, भोकं पण जुळतात.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी पटकन. रास्पबेरी पाय ४ ला ८० डिग्रीच्या पुढे स्पीड स्वतःहून कमी करायची सवय आहे, त्याच्या खाली राहिला की झालं. जाड अॅल्युमिनियमची फिनवाली केस घ्या, जी चिपला चिकटते, कॅबिनेटचा मोठा फॅन चालू असेल तर छोटा फॅन लागणारच नाही. छोटा ठेवायचाच असेल आणि दोन वायरींचा असेल तर लाल वायर ५ व्होल्टच्या पिनवरून ३.३ च्या पिनवर घ्या, शिट्टी जाते. रास्पबेरी पाय ५ चा ऑफिशियल कूलर ५० डिग्रीपर्यंत बंदच असतो, तो भरधाव पळत असेल तर कॅबिनेटमध्येच गरमी अडकलीय.

फोम लावू का, असं खूप जण विचारतात. मी लावत नाही. पातळ फोम शिट्टी थोडी खातो, घूं अजिबात नाही, आणि कोणीतरी तो झरोक्यावरच चिकटवतं. शिवाय साधा फोम एसएमपीएसजवळ म्हणजे आगीला आमंत्रण.

शेवटी धूळ. शहरात जिकडे तिकडे रस्त्यांची आणि बिल्डिंगची कामं, खालच्या झरोक्यावर मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावा, पाली पण आत शिरत नाहीत, त्यांना एसएमपीएसची ऊब फार आवडते. उन्हाळ्यात महिन्याला आणि पावसाळा संपला की एकदा जाळी काढून झटका. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो नको तेवढा जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. फॅन खरखरत असेल, म्हणजे घूं नाही, खरखर, तर मागचा स्टिकर अर्धा उचला, आत रबरी बूच असलं तर ते काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा आणि परत बंद करा. ह्याने काही महिने निघतात, तोपर्यंत नवा आणून ठेवा, आणि घेताना स्लीव्ह बेअरिंगचा नको, फ्लुइड बेअरिंगचा मागा, मशीनच्या छतावर आडवा बसवणार असाल तर हे नक्कीच बघा.