मोटरीला फोन

(दृश्य: चोपडा तालुका, तापीकाठ. रात्रीची केळीची बाग. विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीत लाल दिवा.)

या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची आहे. पूर्वी अशा वेळी साप-विंचवाची धास्ती घेऊन कुणाला तरी बॅटरीच्या उजेडात विहिरीवर जावंच लागायचं. आता स्टार्टरशेजारच्या पेटीत एक सिमकार्ड आहे. घरून फोन लावला की मोटर सुरू. एखादा फेज गेला किंवा विहिरीचं पाणी तळाला लागलं, तर मोटर जळण्याआधी पेटीच ती बंद करते. खानदेशात हिला कुणी संगणक म्हणत नाही. मोबाइल स्टार्टर म्हणतात.

1988च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी नेमकं हेच मांडलं होतं: संगणक भोवतालात इतका मुरावा की वापरणाऱ्याला तो जाणवूच नये. या कल्पनेला त्यांनी नाव दिलं यूबिक्विटस कम्प्युटिंग. त्यांच्या गटाने तळहातावर मावणारे, वहीएवढे आणि फळ्याएवढे संगणक बनवले, आणि स्वतःच्याच कार्यालयात रोज वापरून पाहिले.

(दृश्य: दिवस. भेगाळलेली काळी जमीन. मातीत रोवलेला सेन्सर.)

ते कार्यालय होतं. ही काळी कसदार जमीन आहे. पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. ओलावा मोजणाऱ्या सेन्सरभोवती अशी भेग पडली की त्याला मातीऐवजी हवा लागते, आणि मुळांशी ओल असतानाही तो 'कोरडं' सांगतो. म्हणून तो ठिबकच्या ड्रिपरपासून किती अंतरावर आणि किती खोल रोवायचा, हे शेतात ठरतं. प्रयोगशाळेतल्या कुंडीत ते कळत नाही.

केळीच्या खोडात आणि पानांत पाणीच पाणी. रेडिओ लहरी त्यात विरतात. लावणीच्या वेळी बांधापर्यंत नीट पोचणारा सेन्सरचा संदेश बाग डोक्यावर गेल्यावर अडखळतो. सोलर पॅनलवर तोवर पानांची सावली आलेली असते. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या बंद पेटीत काय होत असेल!

2005 साली नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्यावरच्या करप्याचा अंदाज घ्यायला शेतात सेन्सरांचं जाळं उभारलं. हाती माहिती आली ती अगदीच थोडी. पण काय काय बिघडलं ते त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं. मला वाटतं, या क्षेत्रातलं हे अतिशय मोलाचं काम आहे.

(दृश्य: सालदार ठिबकचा कॉक फिरवताना.)

मग शेतातली अशी यंत्रणा चांगली की वाईट, हे ठरवायचं कधी? महिन्याभरात तरी नाही. नवं असतं तेव्हा सगळेच फोनकडे बघतात. जून-जुलैत लावलेली मृगबाग कापणीला यायला साधारण वर्ष लागतं. निसवण म्हणजे घड बाहेर पडणं, उन्हाळा, मधे संपलेला सेल, तो बदलायला कुणी आलं की नाही, हे सगळं त्या वर्षात दिसतं. त्याच शेताचा एक तुकडा जुन्या पद्धतीवर ठेवावा. दोन्हीकडे पाण्याचे मीटर बसवावेत आणि कापणीला घडांची वजनं ताडून पाहावीत.

एवढ्यानेही भागत नाही. सूचना जाते मालकाच्या फोनवर, आणि मालक असतो जळगावला लग्नात. कॉक फिरवतो सालदार. मोबाइलवरचा आलेख त्याच्यासाठी बनवलेलाच नसतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, ''लाईट उनी का?'' ही यंत्रणा त्याच्याकडून सुरू व्हायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. त्याच्या साध्या फोनवर, त्याच्या अहिराणीत, आवाजातून सांगितलं पाहिजे की लाइट आली आहे आणि कोणत्या भागाला पाणी हवं आहे.

तरीही तो पायाने माती उकरेल, मुठीत दाबून बघेल आणि मगच कॉकला हात लावेल. यंत्राने 'पाणी द्या' म्हटलं आणि त्याने दिलं नाही, तर त्याने का दिलं नाही ते त्याला विचारून, तारखेसह वहीत लिहायला हवं.