आकडा हलला, पण हलवला कोणी?

नमस्कार. मागे आवाज पोचतोय ना? संध्याकाळच्या वेळी दांडिया बाजारात गाडी लावायला जागा शोधून इथवर आलात, त्याबद्दल आधी आभार. समोर बरेच काका-काकू आहेत आणि मागे कलाभवनची इंजिनीअरिंगची पोरं उभी आहेत, त्यामुळे कुणाला पाणचट वाटेल, कुणाच्या डोक्यावरून जाईल, दोन्हीची तयारी ठेवा. पुढच्या रांगेतल्या काकांनी मघाशी चहा घेताना विचारलं, की सॉफ्टवेअर जर फुकट वाटताय तर ते रोज तपासत कोण बसतं? तिथूनच सुरू करते, की कोडमधल्या एखाद्या बदलाने वेग घसरला का, हे मोजायचं कसं.

मी ज्याबद्दल बोलणारे ते व्हीपीपी नावाचं सॉफ्टवेअर. साध्या सर्व्हरला राउटर बनवतं, म्हणजे डेटाची पॅकेटं, छोटे तुकडे, योग्य वाटेने पुढे धाडणारं मशीन. कोड मूळ सिस्को कंपनीचा, २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली एफडी डॉट आयओ नावाचा प्रोजेक्ट निघाला तेव्हा सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच्या खाली नेटवर्क कार्डाशी थेट बोलणारं डीपीडीके असतं, ते मूळ इंटेलचं, २०१७ मध्ये तेही लिनक्स फाउंडेशनकडे आलं. आता अशा प्रोजेक्टमध्ये होतं काय, की एकजण कुठूनतरी पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, पाठवतो, नवीन प्रकारच्या टनेलसाठी (एका पॅकेटात दुसरं गुंडाळून पाठवायची सोय) एक छोटीशी तपासणी घातलीये, बाकी काही नाही, सगळ्या टेस्ट हिरव्या, कोड पण नीटनेटका. घेतला आत. पण ज्यांना ते टनेल आयुष्यात लागणार नाही त्यांच्याही प्रत्येक पॅकेटला आता त्या तपासणीतून जावं लागतं. किती फरक पडला? एक टक्का. एक टक्क्यासाठी कोण भांडणार हो? पण असे वीस पॅच आले की स्पीड साधारण १८ टक्क्यांनी बसलेला असतो आणि तुम्ही कुणाकडेच बोट दाखवू शकत नाही, कारण प्रत्येकाचं म्हणणं खरंच असतं की माझ्याने काही झालं नाही.

हे एवढं नाजूक का ते बघू. दहा गिगाबिटची लाइन, सगळ्यात लहान पॅकेट ६४ बाइटचं. वायरवर त्याच्या पुढेमागे अजून २० बाइट जातात, म्हणून एकूण ८४. गणित केलं तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं येतात, एकेका पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. अडीच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर असेल तर १६८ सायकल, म्हणजे प्रोसेसरचे १६८ ठोके. आणि रॅममधून एकदा काही आणायला गेलात तर तेवढा वेळ त्यातच जातो, कधी जास्तच. मग हे जमतं कसं? पुरणपोळ्या करताना काकू एक उंडा भरला, लाटला, भाजला, मग दुसरा, असं करत नाहीत. आधी सगळे उंडे भरून ठेवतात, मग लाटायला बसतात. व्हीपीपी तेच करतं, २५६ पर्यंत पॅकेटांचा घाणा एकदम उचलतं, सगळ्यांवर एक काम करतं, मग पुढचं काम. त्या कामाच्या सूचना कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या छोट्या मेमरीत, गरम राहतात, आणि पुढच्या पॅकेटचा डेटा आधीच मागवून ठेवता येतो. पण त्यामुळेच मधे कोणी एक फालतू if, म्हणजे तपासणी, घुसवला तर तो त्या अख्ख्या घाण्याला लागतो.

बरं, मोजायचं कसं. जुना नियम आहे, आरएफसी २५४४, १९९९ चा. त्यात थ्रूपुट म्हणजे असा सगळ्यात जास्त वेग ज्यात एकही पॅकेट हरवत नाही. एकही नाही! चाचणी किमान ६० सेकंद चालवायची. म्हणजे पूर्ण वेगाने ८९ कोटींच्या वर पॅकेटं सोडायची आणि त्यातलं एक पडलं तरी नापास, वेग कमी करा, परत ६० सेकंद, पास झालं तर जरा वाढवा, असं अर्धं-अर्धं करत नेमका वेग शोधायचा. हा नियम लिहिला तेव्हा समोर राउटरचा डबा होता. सर्व्हरवर मधेच कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काहीतरी आठवतं, तो क्षणभर कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला एक कामगार, घेतो, तेवढ्यात चार पॅकेटं पडतात, आणि कोडमध्ये काहीही वाईट नसताना तुमचा आकडा खाली. म्हणून एफडी डॉट आयओचा टेस्टिंगचा जो भाग आहे, त्याला सीसिट म्हणतात, तिथे दोन आकडे काढतात. एनडीआर म्हणजे शून्य नुकसानीचा आणि पीडीआर म्हणजे अर्धा टक्का नुकसान चालवून घेतलेला. दोघांमध्ये फार अंतर पडलं तर मला तरी आधी मशीनचा संशय येतो, कोडचा नंतर.

आणि रोजच्या कामाला तर हेही परवडत नाही. अहो, प्रत्येक फीचर, गुणिले कार्डाचे प्रकार, गुणिले कोअर, गुणिले पॅकेटचे साइझ, रात्र पुरत नाही. म्हणून तिसरा एक उद्धट प्रकार आहे, एमआरआर. शोधाबिधायचं काही नाही, टी-रेक्स नावाच्या पॅकेटं सोडणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण वेगाने पॅकेटं ओतायची, एकेका सेकंदाचे काही राउंड, पलीकडून किती बाहेर पडली ते मोजायचं, झालं. खऱ्या जगात असा राउटर कोणी चालवत नाही, हे सगळ्यांना माहितीये. पण काल आणि आज यात फरक पडला का, एवढंच विचारायचं असेल तर हा आकडा पुरतो, आणि माझ्या मते बहुतेक प्रोजेक्टना फक्त तेवढंच विचारायचं असतं. मोठ्ठा आकडा स्लाइडवर छापायला छान, डेव्हलपरला त्याचा उपयोग नाही.

आता खरी कटकट. साधी टेस्ट पास किंवा नापास सांगते, इथे मात्र आकडा येतो आणि तो रोज थोडा हलतो. टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने आपणहून वेग वाढवणं, चालू असेल तर प्रोसेसर थंड आहे की गरम त्यावर निकाल. म्हणून टर्बो बंद. कार्ड एका सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) आणि कोअर दुसऱ्या सॉकेटवर पडला तर वेगळा आकडा. पॅकेटचं काम करणारे कोअर कर्नलपासून बाजूला काढून ठेवायचे, हायपरथ्रेडिंगचं, म्हणजे एकाच कोअरचे दोन करून दाखवायच्या युक्तीचं, जुळं भावंड शेजारी काय करतंय ते बघायचं, बायोस आणि कार्डाच्या फर्मवेअरची आवृत्ती लिहून ठेवायची. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष बाहेर आले, त्यावरचे उपाय कर्नलमध्ये आणि मायक्रोकोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्ये, घातले गेले आणि किती ठिकाणचे ग्राफ खाली आले, कोणाच्याही कोडला हात न लावता. याहून गमतीची गोष्ट, २००९ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं होतं, की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग, लांब केला किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला तरी प्रोग्रामचा वेग बदलतो, कारण मेमरीत गोष्टी थोड्या इकडच्या तिकडे बसतात. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तरी काहीतरी केलेलंच असतं.

कधीकधी ग्राफवर ठिपके दोन ओळींत पडतात, वर एक, खाली एक, मधे कोणी नाही. तिथे सरासरी काढणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि खाली बसवा, कारण सरासरीच्या जागी एकही ठिपका नाहीये. बहुतेक वेळा कारण असं निघतं, की कार्ड पॅकेटांच्या पत्त्यावरून एक आकडा काढून (हॅश करून) ती कोअरमध्ये वाटतं आणि टेस्टमध्ये फ्लो, म्हणजे त्याच दोघांमधल्या पॅकेटांचे प्रवाह, इतके थोडे, की कधी समान वाटले जातात कधी नाही. फ्लो वाढवा, ओळ एक होते.

म्हणून पॅच तपासताना मी कालच्या आकड्याशी तुलना करायच्या विरोधात आहे. त्याच मशीनवर आधी बाप कमिट, म्हणजे पॅचच्या आधीचा कोड, चालवा, मग पोर, म्हणजे पॅच घातलेला, परत बाप, परत पोर. मशीन बिघडलेलं असेल तर दोघांसाठी सारखंच बिघडलेलं. आणि वेगाचा उतार सापडलाच तर git bisect (कोडच्या आवृत्त्यांमधून बिघाड शोधणारं साधन) लावून रात्रभर सोडून द्यायचं, चांगला आणि वाईट यांच्यात अर्धं-अर्धं करत सकाळी कमिट हातात. फक्त उतार तीन टक्क्यांचा आणि मशीनचं हलणं पाच टक्क्यांचं असेल तर बायसेक्ट भलत्याच गरीब माणसाच्या दारात नेऊन सोडतं, आणि त्याला चारचौघांत खुलासा द्यायला लागतो.

मागून प्रश्न आलाय, की आमच्याकडे नुसता लॅपटॉप, आम्ही काय करायचं? नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच मशीनमध्ये वेगवेगळी नेटवर्कं, बनवा, veth या आभासी तारेने जोडा, पण त्यावर आयपर्फ हे वेग मोजायचं साधन चालवून तीस गिगाबिट आले म्हणून नाचू नका, कर्नल तिथे ६४ केबीचे गठ्ठे पुढे सरकवतो, पॅकेटं कुठे मोजलीत तुम्ही. त्यापेक्षा व्हीपीपी चालू करा, clear runtime ही कमांड द्या, ट्रॅफिक सोडा, मग show runtime. प्रत्येक नोडपुढे, म्हणजे कामाच्या टप्प्यापुढे, Clocks दिसतील, म्हणजे एका पॅकेटला त्या टप्प्यावर किती सायकल गेल्या. पण शेजारचा Vectors/Call चा रकाना आधी वाचा, म्हणजे एका घाण्यात किती पॅकेटं होती. तो एकच्या आसपास असेल तर घाण्यात एकच पॅकेट होतं, सगळा वरखर्च त्या बिचाऱ्याच्या माथी, आणि Clocks उगाच फुगलेले दिसणार. ट्रॅफिक वाढवा, तो आकडा चढू दे, आधीच्या आणि नंतरच्या कोडसाठी साधारण सारखा होऊ दे, मगच तुलना करा. लॅपटॉपवरचे गिगाबिट कोणी मनावर घेणार नाही, पण ip4-lookup या वाट शोधणाऱ्या नोडला आधी इतक्या सायकल लागायच्या आणि आता इतक्या लागतात, दोन्ही वेळी Vectors/Call सारखे, असं लिहून पाठवलंत तर रिव्ह्यू करणारा माणूस ते स्वतःच्या मशीनवर चालवून बघतो. विचारा अजून कोणाला काही विचारायचं असेल तर, माइक तिकडे काकांकडे द्या.