शेजारच्या ताऱ्याच्या मापानं

(दृश्य: गच्ची, काळोख. लाल उजेडात वही, पेन्सिल, बोटं.)

टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद चिकटवलाय. पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला, की डोळे अंधाराला सरावेपर्यंत पुन्हा वीस मिनिटं नुसतं बसून राहायचं.

(दृश्य: उत्तर आकाश.)

नोव्हेंबर, संध्याकाळचे साडेसात. उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूह. तिच्या डाव्या हाताला उलट्या टांगलेल्या घरासारखा दिसतो तो वृषपर्वा, तिचा बाप. त्या घराच्या वरच्या कोपऱ्याशी तीन ताऱ्यांचा लहानसा त्रिकोण आहे. झीटा, एप्सिलॉन आणि डेल्टा. पहिले दोघे आपली पट्टी. मोजायचं ते डेल्टाचं तेज, कारण ते बदलत राहतं.

झीटाची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ३.४; एप्सिलॉनची ४.२. आकडा मोठा तितका तारा मंद, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. आता बघा: डेल्टा झीटाहून किंचित फिका, पण एप्सिलॉनपेक्षा बराच उजळ. झीटा आणि एप्सिलॉनच्या तेजातल्या फरकाचे मनात चार भाग करा. झीटापासून एक भाग खाली? मग ३.६. झालं मोजून. दुर्बीणसुद्धा लागली नाही.

(दृश्य: वहीवर आडवा धरलेला हात.)

हा हात मुद्दाम ठेवलाय, कालची नोंद झाकायला. ती दिसली की डोळा तिच्याकडेच झुकतो. एकाच ताऱ्याकडे टक लावूनही पाहायचं नाही. नजर तिघांवरून फिरती हवी.

(दृश्य: यॉर्क, मिन्स्टर या मोठ्या चर्चमागचं ट्रेझरर्स हाऊस.)

इंग्लंडमधलं यॉर्क. इथे राहणारा जॉन गूडरिक बहिरा होता. १२ नोव्हेंबर १७८२च्या रात्री, वय अठरा, तो ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल ताऱ्याकडे, म्हणजे आपल्या मायावतीकडे पाहत होता. ती बदलते हे शंभरेक वर्षांपूर्वीच कुणीतरी टिपलेलं होतं. पण इतकी झपाट्यानं? आधी त्याला आपल्या डोळ्यांचाच संशय आला, मग हवेचा. मग तो रात्रीमागून रात्री मोजत बसला. शेजारी राहणारा मित्र एडवर्ड पिगट सोबतीला होताच.

(दृश्य: मायावतीचा आलेख.)

तेज उतरून पुन्हा चढण्याची एक फेरी २ दिवस २० तास ४९ मिनिटांची. दर फेरीला २.१वरून ३.४, पाचेक तासांत. तेवढ्याच वेळात परत वर. हा जोडतारा आहे: मंद सोबती पुढून जातो आणि तेजस्वी ताऱ्याला ग्रहण लागतं. एखादी काळी वस्तू आड येत असावी, हा तर्क गूडरिकनं तेव्हाच मांडला होता. वर्णपटावरून पुरावा मिळाला १८८९ साली.

(दृश्य: डेल्टाचा आलेख.)

डेल्टाचा बदल त्यानं १७८४च्या ऑक्टोबरात पकडला. ५ दिवस ९ तासांच्या आसपासची फेरी. पण ही रेघ नीट बघा. चढ दीड दिवसाचा, उतार जवळपास चार दिवसांचा. ग्रहणाची रेघ अशी नसते. हा तारा एकटाच फुगतो, आकसतो. त्याला आड कुणी येत नाही. एप्रिल १७८६मध्ये गूडरिक गेला, एकविसाव्या वर्षी.

(दृश्य: हार्वर्ड वेधशाळेतल्या, आकाशाचे फोटो असलेल्या काचेच्या प्लेटा.)

अशाच ताऱ्यांवरून खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविटनं १९१२ साली फेरी आणि तेज यांचं नातं दाखवलं. फेरीवरून खरं तेज कळलं, की दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढता येतं. त्याच मापानं पुढे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनं देवयानी दीर्घिकेचं अंतर काढलं.

(दृश्य: पुन्हा गच्ची, पुन्हा लाल उजेड.)

मध्येच आलेले ढग पाऊण तासानं सरकले. हात अजून वहीवरच आहे. झीटा, डेल्टा, एप्सिलॉन, पुन्हा झीटा. पेन्सिल टेकते: ८ वाजून २० मिनिटं. ३.७.