आपण घरी नसताना निर्णय कोणी घ्यायचा?

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या पालकमित्रहो,

मुलांना बेबीसिटरच्या हाती सोपवून बाहेर पडताना आपण जेवणाच्या, झोपेच्या आणि टीव्हीच्या वेळा तपशीलवार सांगतो आणि दारातून निघता निघता ‘काही लागलं तर फोन कर’ असे म्हणतो. माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. सांभाळायला येणारी मुलगी पुष्कळदा स्वतःच शाळा-कॉलेजात शिकणारी असते. बाळ गुदमरत असले किंवा घरात धूर झाला असला, तरी ती या वाक्याचा अर्थ ‘आधी आई-बाबांना विचार’ असाच घेते, आणि नेमके त्या वेळी आपण फोनचा आवाज बंद करून कार्यक्रमाला बसलेलो असतो. म्हणून तिला सर्वांत आधी द्यायचा तो निर्णयाचा अधिकार. जिवावर बेतेल अशी नुसती शंका आली तरी आधी आपत्कालीन क्रमांक लावायचा आणि मग आम्हाला कळवायचे, हे तिला निःसंदिग्ध शब्दांत सांगावे, आणि तेही मुलांच्या देखत. आम्ही नसताना ताईचा शब्द अखेरचा, हे मुलांनी आपल्याच तोंडून ऐकलेले असले, तर ऐन वेळी ‘बाबा तर असं करत नाहीत’ हा वाद उद्भवत नाही.

हा क्रमांक सर्वत्र सारखा नाही. युरोपीय संघात तो ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका व कॅनडात ९११, तर ऑस्ट्रेलियात ००० आहे. मुले सांभाळायला भारतातून आजी-आजोबा आलेले असतील, तर त्यांच्याकडून तो पाठच करून घ्यावा. अनेक देशांत फोनवर दुभाषी जोडून देण्याची सोय असते, तेव्हा आपला पत्ता आणि ‘मराठी’ एवढा शब्द त्यांना स्पष्ट उच्चारता आला तरी मदतीची वाट मोकळी होते.

बेबीसिटरसाठी घरात लिहून ठेवायच्या कागदावर काय असावे, याविषयी थोडेच सांगतो. पूर्ण पत्ता, मजला, इमारतीच्या दाराचा कोड, प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, ॲलर्जी, चालू औषधे आणि वजन. वजन अशासाठी, की लहान मुलांच्या अनेक औषधांची मात्रा त्यावरच ठरते. मात्र आपण लिहून दिलेले नसेल असे कोणतेही औषध तिने स्वतःच्या मनाने देऊ नये. तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन कुठे आहे आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस कसे टोचायचे, हे सरावाच्या नमुन्यावर तिच्याकडून करवून घ्यावे.

कागद भिंतीवर लावला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांपैकी मी नाही. घशात काही अडकले असता वाचून कृती करण्याइतका अवधीच नसतो. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. पण खोकला, रडणे, आवाज सारे बंद पडले तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाठीवर ५ जोरदार थापा माराव्यात, आणि त्याने भागले नाही तर पोटावर आत व वर असे ५ दाब द्यावेत. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर मात्र कधीही दाबू नये. त्याच्या छातीच्या मध्यावर दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने दाब द्यावा लागतो. हे हाताला वळण पडल्याशिवाय जमत नाही. त्यामुळे तिच्या प्रथमोपचार वर्गाचे शुल्क आपण भरावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

भाजल्यावर बर्फ किंवा टूथपेस्ट न लावता भाजलेला भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. विषारी काही पोटात गेले तर उलटी करवू नये, आणि बाटली मदतनिसांना दाखवण्यासाठी जपून ठेवावी. रिमोटमधली नाण्याएवढी चपटी बॅटरी मुलाने गिळल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत गंभीर इजा करू शकते.

आगीच्या बाबतीत खरी तयारी मुलांची करावी लागते. घाबरलेले लहान मूल पळत नाही. ते पलंगाखाली किंवा कपाटात लपते, आणि हाका मारल्या तरी ओ देत नाही. शिवाय गाढ झोपेतली मुले धुराच्या अलार्मने जागी होतीलच असे नाही, म्हणून कोणत्या मुलाला कोणी उठवायचे हे ठरलेले असावे. प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा, धुरात जमिनीलगत रांगत जाणे, दार उघडण्यापूर्वी तळहाताच्या मागच्या बाजूने ते गरम आहे का हे पाहणे, बाहेर भेटण्याची एकच ठरलेली जागा, आणि राहिलेले खेळणे आणायलासुद्धा परत आत न जाणे, या सगळ्याची तालीम बेबीसिटर हजर असताना करावी. एकदा ती रात्री दिवे मालवूनही करून पाहावी.

एक शक्यता आपण बहुधा विचारातच घेत नाही, ती म्हणजे बेबीसिटरलाच चक्कर येऊन ती बेशुद्ध पडण्याची. घरात फोन लावू शकेल असे मूल असेल, तर कुलूप लावलेल्या मोबाइलवरूनही आपत्कालीन फोन करता येतो, हे त्याला दाखवून ठेवावे; सराव करताना मात्र फोन खरोखर लावू नये. आई-बाबांची खरी नावे, पत्ता, काय झाले आहे, आणि समोरची व्यक्ती सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, एवढे चार-पाच वर्षांच्या मुलालाही शिकवता येते.

एवढे करूनही कधी तरी रुग्णवाहिका येईल आणि मुलाला काहीच झाले नव्हते असे निष्पन्न होईल. त्या रात्री घरी आल्यावर ‘एवढं कशाला बोलावलंस?’ असा प्रश्न तिला कुणी विचारू नये. तिने काय पाहिले आणि कोणत्या क्रमाने काय केले, हे शांतपणे ऐकून घ्यावे, फोन केला ते बरे केलेस असे मुलांच्या समोर म्हणावे, आणि कागदावर काय कमी पडले ते तिच्याचकडून विचारून तिथल्या तिथे लिहून घ्यावे.